पळवून नेणाऱ्या ड्रायव्हरवर ॲनिमेशन करतोय, पण गाडी कॅरमच्या स्ट्रायकरसारखी फिरते

तापीकाठ (जळगाव)

नमस्कार मंडळी. आम्ही तिघं मिळून दीड मिनिटाची हाताने काढलेली ॲनिमेशन फिल्म करतोय. मूळ किडा ‘रायडिंग बीन’चा. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: १९८९ची जपानी ओव्हीए, म्हणजे थिएटर-टीव्हीला न जाता थेट व्हिडिओवर आलेली, जेमतेम पाऊण तासाची. शिकागो शहर, बीन बँडिट नावाचा भाड्याचा ड्रायव्हर, पैसे मोजा आणि तो तुम्हाला पोलिसांच्या तावडीतून काढून नेतो. त्याच्या रोडबस्टर गाडीची चारही चाकं काटकोनात वळतात आणि गाडी खेकड्यासारखी आडवी चालते. (नाव ऐकून आपल्याकडं नागवालाच आठवतो, ते सोडा.)

आमचा हीरो धुळ्याचा आप्पा. तोही भाड्याने मिळतो, पण काम एकच घेतो: लग्न नको असलेल्या नवरदेवाला मांडवातून उचलून न्यायचं. गाडी जुनी पांढरी मारुती ८००. मागे वऱ्हाडानं खच्चून भरलेली क्रुझर, टपावरही चार जण. आप्पा अहिराणीशिवाय बोलत नाही. पहिलाच डायलॉग, “पैसा मोज, मंग बठ.”

क्रिता या सॉफ्टवेअरमध्ये रेखाटन, ओपनटून्झ या दुसऱ्यात रंग आणि जोडणी. सेकंदाला २४ फ्रेम, एक चित्र दोन फ्रेम धरून. म्हणजे १०८० चित्रं. त्यातली तीनशेच्या आसपास झालीत आणि आता अडलोय.

हँडब्रेक मारून गाडी उलटी फिरवायचा शॉट आहे. परस्पेक्टिव्ह बरोबर आहे, रेषा बऱ्या आहेत, तरी गाडी कॅरमच्या स्ट्रायकरसारखी जागच्या जागी गरकन फिरते. वजनच वाटत नाही. दुसरं म्हणजे सरळ रस्त्यावर गाडी सुसाट जाते आणि चाकं मात्र रांगतात. हिशोब करून काढली तरी. तिसरं, मारुतीला ती आडवी चालायची करामत द्यायचीच आहे. कॉमेडी आहे हे खरं, पण गाड्यांची माहिती असलेल्या माणसानं “हे कसं शक्य आहे?” म्हणण्याऐवजी “अरे, बरोबर काढलंय” म्हणावं असं वाटतं. शेवटी गॅग्ज. केळीच्या ट्रकमधून केळी सांडतात, क्रुझर सालीवरून घसरते, मग घाटात कापसाच्या ढिगात गाडी. मार्ग जळगाव ते धुळे.

कुठं काय चुकतंय, सांगा.

फ्रेममोजणी

वळणाचं आधी. तुमची गाडी स्ट्रायकरसारखी दिसते, कारण तुम्ही ती मधोमध खिळा ठोकून फिरवताय. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. पुढची चाकं फिरत राहतात आणि रस्ता धरून असतात, मागची जाम होऊन घसरतात. त्यामुळे फिरण्याचा केंद्रबिंदू सुरुवातीला पुढच्या आसाजवळ असतो. नाक थोडंसंच सरकतं, शेपूट मोठा फेर घेते.

हिशोब असा. वेग ताशी ४५ किमी धरा, म्हणजे सेकंदाला १२.५ मीटर. कोरड्या डांबरावर घसरत्या टायरची पकड ०.७ धरली तर गाडी पूर्ण थांबायला १.८ सेकंद लागतात आणि त्या वेळात ती ११-१२ मीटर पुढं जाते. मारुती ८०० साधारण ३.३ मीटर लांब. म्हणजे अर्धी गिरकी घेताना गाडी स्वतःच्या साडेतीन लांब्या इतकी पुढं घसरत गेली पाहिजे. तुमच्या शॉटमध्ये ती शून्य लांब्या जाते. वजन हरवलंय ते इथं.

१.८ सेकंद म्हणजे ४३-४४ फ्रेम. त्या सारख्या वाटू नका:

पहिल्या ४ फ्रेममध्ये गाडी वळतच नाही. ॲक्सिलरेटर सुटतो, नाक खाली बसतं, मागचा भाग दोन-तीन सेंटिमीटर उचलला जातो. हा भाग लोक गाळतात. पुढच्या ६ फ्रेममध्ये फक्त २० अंश. मग २० फ्रेममध्ये तब्बल १३०. शेवटच्या १४ फ्रेममध्ये उरलेले ३० अंश, विझत विझत. त्यानंतर १० फ्रेम गाडी उभी, पण बॉडी स्प्रिंगांवर डुलते: एकदा बाहेर, एकदा आत, मग शांत.

मधल्या २० फ्रेम एकेकावर काढा, म्हणजे दर फ्रेमला नवं चित्र; बाकीच्या दोनावर, एक चित्र दोन फ्रेम धरून, चालतील. वळणाला २० अधिक १२ चित्रं, डुलण्याला ५, एकूण ३७. आणि पार्श्वभूमी एकेक फ्रेमनं सरकत असताना गाडी दोनावर ठेवलीत तर गाडी रस्त्यावर थरथरते. तो दोष रेषेचा नसतो, त्यामुळे कितीही गिरवलंत तरी जात नाही.

काढायचा क्रम उलटा करा. आधी रस्त्यावर परस्पेक्टिव्हची जाळी टाका आणि तिच्यावर टायरचे डाग काढा. मागच्या दोन चाकांचे डाग काळे आणि रुंद, मोठ्या कमानीत. पुढच्यांचे फिके, छत्रीच्या मुठीसारखे वळलेले. मग त्या डागांवर गाडी ठेवत जा. गाडी आधी काढून डाग मागाहून टाकले की ते कधीच जुळत नाहीत.

आता रांगणारी चाकं. तुमचा हिशोब चुकलेला नाही, बरोबर आहे म्हणूनच चाक रांगतंय. मारुतीचं टायर १४५/७० आर १२. व्यास ५०.८ सेंमी, परीघ सुमारे १.६ मीटर. ताशी ७२ किमी वेगाला चाक सेकंदाला साडेबारा फेरे घेतं. तुम्ही सेकंदाला १२ चित्रं काढताय. म्हणजे दोन चित्रांमध्ये एक पूर्ण फेरा आणि वर १६ अंश. डोळ्याला तो पूर्ण फेरा दिसत नाही, फक्त १६ अंश दिसतात.

चाकावर चार सारख्या खुणा असतील तर दोनावर काढताना ताशी ९ किमीच्या पुढंच डोळा फसायला लागतो. एकच खूण असेल, समजा व्हीलकॅपवरचा पोचा, तर ३४ पर्यंत निभतं. त्यावर गेलात की खुणा सोडून द्या. चाकात गोलाकार फराटे काढा, दोन चित्रं आलटून पालटून. वरची चकाकी मात्र जागची हलू देऊ नका, उजेड चाकाबरोबर फिरत नसतो.

ड्रम_आणि_शू (धुळे)

भाऊ, वर हिशोब झालाय, मी आप्पाच्या हातापायाचं सांगतो. क्लोजअप टाकणार असाल तर हेच लोक पॉज करून बघतात.

मारुती ८०० पुढच्या चाकांवर चालणारी, हँडब्रेक केबलनं मागच्या ड्रमला. या कामाला सोयीची. क्रम: दुसरा गिअर. ॲक्सिलरेटर सोडला. स्टेअरिंगला झटक्यात अर्धा फेरा. डावा पाय क्लचवर. डावा हात हँडब्रेकवर, अंगठा बटणावर दाबलेलाच, आणि दांडा वर. सेकंदभर धरला, सोडला. स्टेअरिंग सरळ, पहिला गिअर, क्लच सोडला, निघाला. अंगठा बटणावरून निघालेला काढलात तर दांडा दातऱ्यात अडकेल आणि मागची चाकं जामच राहतील. अंगठा चित्रात दिसू द्या.

बिघाड कशानं होतो तेही वापरता येईल. केबल एका बाजूला सैल असेल तर एकच चाक जाम होतं आणि गाडी अर्धवट वाकडी होऊन थांबते. मागच्या सीटवर तीन जाडजूड माणसं बसली तर मागची पकड वाढते आणि शेपूट सुटतच नाही. नवरदेव एकटा मागं आहे तोवर ठीक. आहेराची भांडी डिकीत टाकलीत की आप्पानं कुरकुर केलीच पाहिजे.

क्रुझरची गोष्ट वेगळी. ती मागच्या चाकांवर चालते. क्लच न दाबता हँडब्रेकनं मागची चाकं जाम केली तर इंजिनही जाम, गाडी बंद. तुमचा सगळ्यात चांगला गॅग हा आहे आणि तो फुकटात मिळतोय. आप्पाची नक्कल करायला क्रुझरवाला दांडा ओढतो, क्लच विसरतो, गाडी रस्त्याच्या मधोमध आडवी आणि गपगार. फक्त आतला बँडवाला वाजवत राहतो.

टपावरचे चार जण. क्रुझरच्या दोन चाकांमधलं अंतर १.४ मीटर आणि आतल्या माणसांसकट २६०० किलोचा गुरुत्वमध्य ७५ सेंमीवर धरू. टपावर २६० किलो, सव्वादोन मीटरच्या जरा खाली, समजा २.१ मीटरवर. नवा गुरुत्वमध्य ८७ सेंमीवर जातो. अर्ध्या अंतराला त्यानं भागलं तर ०.९३ चं ०.८० होतं. कोरड्या रस्त्याची पकड ०.७ ते ०.८. हा आकडा पकडीच्या खाली गेला की गाडी घसरायच्या आधी पलटते. टपावर माणसं असताना ती अगदी त्या काठावर येते. म्हणून तिला गिरकी घ्यायला लावूच नका. आतली दोन चाकं वीतभर उचलली जाऊ द्या, टपावरचे चौघं कबड्डीत रेषेकडं झेपावल्यासारखे आतल्या बाजूला लोंबकळू द्या, आणि चाकं परत टेकू द्या. गणितही बसतं आणि हसूही येतं.

आता आडवी चालणारी मारुती. आहे तशा गाडीला हे जमत नाही, कारण पुढच्या चाकाला ताकद देणारा शाफ्ट. त्याचा बाहेरचा जॉइंट ४५-५० अंशांपर्यंत वाकतो, पुढं नाही. स्टेअरिंगची चाकं प्रत्यक्षात ३५-४० अंशांवरच थांबवलेली असतात. ९० अंशाला शाफ्टला काटकोनात मोडावं लागेल. उपाय एकच, शाफ्ट काढून टाका आणि प्रत्येक चाकात स्वतंत्र मोटर बसवा. ही आता कल्पना राहिलेली नाही. ह्युंदाई मोबिसनं २०२३ मध्ये आयोनिक ५ गाडीवर असं चाक चालवून दाखवलं, चारही चाकं काटकोनात वळतात आणि गाडी सरळ आडवी पार्किंगमध्ये शिरते. बीनच्या गाडीनंतर ३४ वर्षांनी.

पण मारुतीत जागा बघा. ५०.८ सेंमी व्यासाचं, १४.५ सेंमी रुंदीचं चाक स्वतःभोवती फिरवलं तर ५३ सेंमीचं वर्तुळ लागतं. चाक ९० अंशात गेल्यावर बॉडीच्या बाहेर १८ सेंमी डोकावणार आणि तेवढंच आत घुसणार. आतल्या बाजूला पुढं ड्रायव्हरचे पाय आहेत. म्हणून आडवं जायच्या आधी आप्पानं “पाय वर!” म्हणून ओरडायचं आणि दोघांनीही मांडी घालून बसायचं. मडगार्ड त्या जागी अर्धगोल कापलेलं दाखवा. बॉनेटखाली इंजिन नको, बॅटऱ्या.

आणि पळत्या गाडीत चाकं वळवू नका. पुढं जात असताना चाक काटकोनात आलं म्हणजे ते ब्रेक मारल्यासारखंच घासतं. आधी पूर्ण थांबवा, मग वळवा, मग आडवी. धुळ्याच्या आग्रा रोडवर दोन रिक्षांच्या मधल्या फटीत शिरतानाचा शॉट घ्या, तिथं ही करामत शोभेल.

एक सांगून ठेवतो. हे सगळं कागदावर. हायवेवर कुणी आजमावायला जाऊ नका.

कच्ची_केळी (रावेर)

काय भो, जळगाव–धुळे रस्त्यावर घाट कुठून आणला? बांभोरीचा गिरणेवरचा पूल, पाळधी, एरंडोल, पारोळा, धुळं. सगळा सपाट. घाट पाहिजे तर आप्पाला चाळीसगावकडून कन्नडच्या घाटात न्या, किंवा धुळ्याच्या पुढं शिरपूरवरून पळासनेर ओलांडून बिजासनच्या घाटात. मधल्यामधे सावळद्याला तापीचा पूल मिळतो, लांबलचक आणि सरळ, पाठलागाला झकास. खानदेशातल्या प्रेक्षकानं पारोळ्यानंतर डोंगर पाहिला की तो पुढचं काही बघणार नाही, कमेंट टाकायला जाईल.

आता केळी. पिवळी केळी ट्रकमधून सांडलेली काढलीत ना? रावेर-यावल-सावद्याहून निघणारा माल हिरवा असतो. कच्चा, टणक. दिल्लीला किंवा जिथं जाईल तिथं पोचल्यावर रायपनिंग चेंबरमध्ये पिकवतात. पिवळी केळी ट्रकमध्ये भरून चार दिवसांचा प्रवास केला तर खाली उतरवायला पाक उरेल. शिवाय साल पडायला आधी कुणी ते केळ खावं लागतं, कच्चं कोण खाणार? तेव्हा सालीवरून घसरणं बाद.

मग करायचं काय? घड पडू द्या. हिरवा घड पडला की चिखलासारखा पसरत नाही, दणकन आपटतो, फण्या सुटून दोन्हीकडं पळतात. काचेवर आपटला तर काच जाईल. आणि कापलेल्या दांड्यातून चीक गळतो. आधी पाण्यासारखा, नंतर काळपट आणि चिकट, कपड्यावरचा डाग धुऊनही जात नाही. नवरदेवाच्या पांढऱ्या सदऱ्यावर चिकाचा एक थेंब पडू द्या, आणि पुढच्या प्रत्येक शॉटमध्ये तो डाग आणखी काळा करा. केळीवाल्या घरातला माणूस तेवढ्यावर हसेल. गाडीत घडांच्या मधे केळीची पानं कोंबलेली काढा, तेवढ्यानं ट्रक खरा वाटतो.

कापसाचंही तसंच. शेतातून निघतो तो कपास, सरकीसकट. ट्रॉलीत भरून वर ताडपत्री, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फुगलेली. त्यात गाडी घुसली तर मऊ. पण पिसांसारखा उडत नाही, पुंजके पुंजके पडतो, सरकीचं वजन असतं ना. जिनिंगमधून बाहेर पडते ती रुई, तिची दाबून गाठ बांधतात, एक गाठ १७० किलोची. तिच्यावर गाडी आदळली म्हणजे भिंतीवर आदळली. दोन्ही वापरा. आप्पा कपासाच्या ट्रॉलीतून आरपार जातो. क्रुझरवाला “आपण पण!” म्हणतो, आणि त्याच्यापुढं येते गाठींची गाडी.

आप्पालाही सुखासुखी सोडू नका. कपासातून गेलेल्या गाडीची जाळी पुंजक्यांनी बुजते, हवा आत जात नाही, टेम्परेचरचा काटा चढतो.

हंगाम सांभाळा. कपास वेचणी दिवाळीच्या आगेमागे सुरू होते आणि तुळशीचं लग्न लागलं की लग्नं सुरू. डिसेंबर धरा. शेतात पऱ्हाटी उभी, हरभरा हिरवा, सकाळी धुकं. मे महिना धरलात तर रान उघडं, काळ्या मातीला हातभर भेगा आणि कपासाची ट्रॉली कुठंच नाही.

डिसेंबर म्हणून कुणी सारंगखेड्याची यात्रा मधे घालायला सुचवेल. घालू नका. गाडी काढणं सोपं, घोडा काढणं महाकठीण, आणि तिथं घोडेच घोडे.

ड्रम_आणि_शू

एक दुरुस्ती. माझ्या मारुतीत बॉनेटखाली बॅटऱ्या आहेत, रेडिएटर नाही. जाळी बुजली तर काटा कशाचा चढणार? एकतर इंजिन ठेवा नाहीतर करामत ठेवा.

कच्ची_केळी

बॅटरी तापत नाही का?

ड्रम_आणि_शू

तापते. बरं, बॅटरी थंड ठेवायलाही पुढं छोटा रेडिएटर लागतो. जिंकलात.

कान_देऊन

चित्रावर खूप झालं, आवाजावर कुणी बोललं नाही. टायरची किंकाळी फक्त डांबरावर आणि काँक्रीटवर येते. शेतरस्त्यावर, मुरुमावर टायर किंचाळत नाही, खसखस आवाज येतो आणि खडे पत्र्याला खालून तडतडतात. नवशिके कच्च्या रस्त्यावर किंकाळी टाकतात आणि सगळं खोटं होतं.

करामतीच्या आधीच्या मारुतीला इंजिन असेल तर तिचा आवाज चार सिलिंडरच्या गाडीचा नको. ७९६ सीसी, तीन सिलिंडर. ३००० आरपीएमला सेकंदाला ७५ ठोके, आणि त्यात एक लंगडी घरघर. मोटर लावली असेल तर इंजिन पूर्ण गप्प, फक्त बारीक शीळ. आप्पा बटण दाबतो आणि घरघर एकदम थांबते, मग शीळ. ती शांतता १० ते १२ फ्रेम धरा, अर्धा सेकंद. हसू त्या अर्ध्या सेकंदात येतं, करामतीत नाही.

बीनवाल्या मंडळींबद्दल एक. बीनचा जनक केनिची सोनोदा. १९८९च्या ओव्हीएत बीनची जोडीदार होती रॅली व्हिन्सेंट, मग १९९१ पासून ‘गनस्मिथ कॅट्स’ या मांगात, म्हणजे जपानी कॉमिकमध्ये, त्यानं रॅलीलाच नायिका केलं. १९९५-९६ मध्ये त्याची तीन भागांची ओव्हीए आली, तेव्हा मंडळी शिकागोला जाऊन रस्ते बघून आली. शेल्बी जीटी ५०० हे मॉडेल दोन्हीकडं आहे, आधी बीनच्या मागावर असलेल्या पोलिसाकडं आणि नंतर रॅलीकडं. गाडी बदलली नाही, बसणारा बदलला. तुम्हीही क्रुझर जपून वापरा, पुढच्या भागात आप्पाच्या हातात देता येईल.

“पैसा मोज, मंग बठ” ला पाच ठोके आहेत: पै, सा, मोज, मंग, बठ. मधे स्वल्पविरामाला ६ फ्रेम थांबा. तोंडाची तीन चित्रं पुरतात: मिटलेलं, अर्धं, उघडं. ‘म’ला आणि ‘ब’ला ओठ मिटलेच पाहिजेत. ओठ उघडे ठेवून ‘बठ’ म्हणणारा आप्पा परका वाटेल.

तापीकाठ (जळगाव)

दंडवत घ्या सगळ्यांनी. घाट काढून टाकला. सालही काढली. केळी हिरवी केली. क्रुझर बंद पडते आणि बँड चालू राहतो हा शॉट आजच रेखाटला.

दोन शंका. वळणाचा रेफरन्स कुठून घ्यायचा? रिकाम्या मैदानात गाडी फिरवून मोबाईलवर शूट केलं तर? आणि नवरदेवाच्या मुंडावळ्या. त्या कपाळाला चिकटवल्यासारख्या दिसतात.

फ्रेममोजणी

खरी गाडी नको. खेळण्यातली घ्या, १:२४ मापाची, आणि मोबाईलला १२० फ्रेमवर ठेवा. ते २४ फ्रेमनं चालवलं की पाचपट संथ होतं. लहान वस्तू पडायला-डुलायला कमी वेळ घेते, आणि तो वेळ मापाच्या वर्गमुळानं बदलतो. २४चं वर्गमूळ ४.९, म्हणजे पाचपट जवळजवळ बिनचूक. १:६४ची छोटी गाडी असेल तर ८ पट, तिथं मोबाईल २४० वर ठेवून आठानं भागा: सेकंदाला ३० फ्रेमचा व्हिडिओ करून बघा.

वेगही त्याच वर्गमुळानं घटवायचा. ताशी ४५ किमी म्हणजे १२.५ मीटर, भागिले ४.९, सेकंदाला अडीच मीटर. फळीचा उतार करून सोडली तर फळीचं वरचं टोक सुमारे ३३ सेंमी उंच हवं, घर्षणासाठी आणखी पाच-सात सेंमी द्या. मागच्या चाकांना सेलोटेप गुंडाळून जाम करा, पुढची फिरती ठेवा आणि थोडी वळवून ठेवा. फरशी गुळगुळीत असेल तर सगळंच घसरतं, खडबडीत कार्डबोर्ड अंथरा. धुळीसाठी चाळलेली राख. रांगोळी जड पडते, पीठ चिकटतं. मोबाईल जमिनीलगत ठेवा. उभ्यानं खाली बघून शूट केलं की खेळणं खेळणंच दिसतं.

स्प्रिंगांवरचं डुलणं मात्र खेळण्यातून मिळणार नाही, त्याला स्प्रिंगच नसतात. ते हातानं.

मुंडावळ्या चिकटलेल्या दिसतात कारण तुम्ही त्या डोक्याबरोबरच हलवताय. डोकं वळलं की मुंडावळीचं वरचं टोक त्याच फ्रेमला वळतं, मधला भाग २ फ्रेम उशिरा, खालचं टोक ४ फ्रेम उशिरा. डोकं थांबल्यावर खालचं टोक पुढं जाऊन परत येतं, एकदाच पूर्ण आणि एकदा अर्धं. गाडी डावीकडं गिरकी घेते तेव्हा दोन्ही मुंडावळ्या उजवीकडं, आणि एक नवरदेवाच्या तोंडात. ब्रेक लागला की दोन्ही सरळ समोर, काचेकडं. या दोन दोऱ्यांवर वेळ घालवा. सबंध गाडीचं वजन प्रेक्षकाला त्यांच्यावरूनच कळणार आहे.

तापीकाठ (जळगाव)

फळी, राख, कार्डबोर्ड जमलं. नव्या वळणाची ३७ चित्रं झाली की इथं टाकतो. तोवर एकच फ्रेम बघा, २२ क्रमांकाची, गाडी पूर्ण आडवी असतानाची.

ड्रम_आणि_शू

डाग छान. शेपूट छान. पण मागच्या व्हीलकॅपवरचा पोचा २० व्या फ्रेमला खाली होता आणि २२ ला बाजूला आलाय. हँडब्रेक ओढलेला आहे भाऊ, मागचं चाक फिरतंय कसं?